आधी पाणी, मग टाइल्स

१९७० आणि १९८०च्या दशकांत पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत तीन-चार मजली सोसायट्या भराभर उभ्या राहिल्या. त्यांतल्या घरांची मांडणी बरीचशी ठरलेली असे. पॅसेजच्या टोकाला चार बाय सहा फुटांचं न्हाणीघर, त्याला लागून तीन बाय चारचा संडास, दोन्हींच्या मधे साडेचार इंची भिंत आणि डोक्यावर सामानाचा माळा. ही घरं आता चाळीस-पन्नास वर्षांची झाली. फरशीवर टकटक केली की पोकळ वाजते, नळाची धार बारीक झालेली असते, दाराची चौकट खालून कुजलेली असते. एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन सांगतात, "आमच्या छताला ओल दिसतेय." मग बाथरूम नव्यानं करायचं ठरतं आणि घरची मंडळी थेट टाइल्सच्या दुकानात जाऊन बसतात.

टाइल्स नंतर बघा. जुन्या बाथरूमचं खरं काम फरशीच्या खाली आणि गिलाव्याच्या आत असतं. तिथे केलेली काटकसर पुढे दुपटीनं भरावी लागते, कारण ती चूक सुधारायची तर नवीकोरी फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. पैसे कमी पडत असतील तर काचेचं पार्टिशन, मोठा शॉवर, आरशाचं कपाट पुढच्या वर्षावर ढकला. पाइप आणि वॉटरप्रूफिंग मात्र ढकलू नका.

सुरुवात ओल कुठून येते हे शोधण्यापासून करावी. बाथरूम वापरा किंवा वापरू नका, ओल सारखीच राहत असेल तर बहुधा पाणी आणणारा पाइप गळतोय, कारण त्यात दाब कायम असतो. अंघोळी झाल्या की ओल वाढते आणि दोन दिवस घर बंद ठेवलं की कमी होते असं असेल, तर फरशीच्या दरजा, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप यांपैकी काहीतरी निकामी झालंय. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीचा किंवा डक्टमधल्या पाइपांचा असू शकतो. मग आतून कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. एवढं निरीक्षण प्लंबरला बोलावण्याआधी आठ-पंधरा दिवस घरच्यांनीच करावं. प्लंबर तासाभरासाठी येतो, ओलीचा दिनक्रम आपल्याला माहीत असतो.

त्या काळच्या घरांत भिंतीच्या आत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत. असा पाइप कापून आडवा धरला की नळाला पाणी का येत नाही ते लगेच कळतं. बाहेरून अर्ध्या इंचाचा दिसणारा पाइप आतून तांबूस-तपकिरी खपल्यांनी भरलेला असतो आणि मधोमध पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं असतं. त्यामुळे "नळ बदलून देतो, धार वाढेल" या आश्वासनात अर्थ नाही. भिंत उघडलीच आहे तर जुना पाइप शेवटपर्यंत बदला. अर्धा जुना, अर्धा नवा असा जोड भिंतीत गाडू नका, कारण पुढची गळती नेमकी त्याच सांध्याला लागते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप वापरावा. थंड पाण्याला यूपीव्हीसी चालतो, पण एवढ्याशा बाथरूममध्ये दोन्हीकडे सीपीव्हीसी टाकला तर खर्चात फार फरक पडत नाही आणि घोटाळा होत नाही. नळ बसतो तिथे आतून पितळी आटे असलेलीच फिटिंग घ्या. प्लास्टिकचे आटे पुढे नळ घट्ट करताना फुटतात, आणि ते फुटतात भिंतीच्या आत.

पाइपांसाठी भिंतीत झिरी मारताना गवंड्याशेजारी कुणीतरी उभं राहावं. साडेचार इंची भिंतीत लांबलचक आडवी झिरी मारली की भिंत खिळखिळी होते, म्हणून शक्य तितके पाइप उभे न्यावेत. पलीकडच्या संडासातही त्याच जागी झिरी येणार असेल तर एक झिरी वीतभर सरकवा. बीम किंवा कॉलमला हात लावू द्यायचा नाही. पाइप न्यायला बीममध्ये "छोटंसंच" भोक पाडतो असं कुणी म्हणालं तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. नवे पाइप झाकण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपानं दाब द्यावा आणि पंपावरचा काटा रात्रभर खाली येत नाही ना ते बघावं. प्लंबरकडे हा पंप असतो. तो आपणहून आणणार नाही, म्हणून कामाच्या अटींतच लिहून घ्या.

आता फरशीकडे. या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्याला सगळे 'संकन' म्हणतात. त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप टाकून वरून विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. चाळीस वर्षं दरजांतून झिरपलेलं पाणी इथेच साठतं. फरशी उचलल्यावर खालचा भराव काळा, चिखलासारखा ओला आणि कुबट वासाचा निघाला, तर ओलीचं उत्तर मिळालं. अशा वेळी वरचे दोन इंच काढून पुन्हा फरशी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. भराव पूर्ण उपसा, स्लॅब घासून धुवा, वाळू द्या आणि उजेडात नीट पाहा. सिमेंट सुटून सळई उघडी पडली असेल, गंजून फुगली असेल, तर हे गवंड्याचं काम नाही. इंजिनिअरकडून तपासून घ्यावं, आणि सळईचा गंज काढणं, गंजरोधक लावणं, पॉलिमर मिसळलेल्या गिलाव्यानं भरणं हे सगळं त्याच्या सांगण्यानुसार व्हायला हवं.

त्यानंतर वॉटरप्रूफिंग. त्याचं यश कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती ठरतं, सपाट जागेवर सहसा चुकत नाही. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन ठेवू नये. सिमेंटनं गोलाई द्यावी, म्हणजे वरचा थर तिथे चिरत नाही. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून बाहेर पडतो तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटनं भरावी. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, पहिला आडवा आणि तो सुकल्यावर दुसरा उभा. हा थर जमिनीवर थांबवू नका. संकनच्या भिंतींवरून तो फरशीच्या वर फूटभर न्या आणि अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. संकनच्या तळाला एक बारीक पाइप डक्टच्या दिशेनं काढून ठेवायला सांगा. पुढे कधी पाणी झिरपलंच तर ते खालच्या घराच्या छताऐवजी डक्टमध्ये टपकेल आणि तुम्हाला इशाराही मिळेल.

मग परीक्षा. ट्रॅपचं आणि त्या बारीक पाइपाचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचं. बाष्पीभवनानं पातळी किंचित उतरते, ते चालतं. रेघेपासून बोटभर खाली गेली तर पुन्हा शोधा. या दोन दिवसांत गवंडी अस्वस्थ होतो, ठेकेदार "आम्ही रोज करतो हे" म्हणतो, घरचेही कंटाळलेले असतात, कारण शेजाऱ्यांच्या बाथरूमवर दिवस काढणं चालू असतं. तरी ४८ तास म्हणजे ४८ तास. फरशी बसल्यावर पुन्हा एकदा असंच पाणी भरून बघितलं तर उत्तमच.

खड्डा परत भरताना जुनाच राडा आत लोटायची गवंड्यांना सवय असते. चार बाय सहा फुटांच्या, फूटभर खोल खड्ड्यात विटांचा कोबा भरला तर त्याचं वजन साधारण सव्वा टन होतं. हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरले तर तेच निम्म्याहून कमी होतं. जुन्या स्लॅबवरचा भार उतरवायची संधी पुन्हा येणार नाही, ती सोडू नका. भराव टाकण्याआधी सांडपाण्याच्या पाइपांचा उतार तपासा. संडासाच्या चार इंची पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार हवा. वरच्या फरशीचा उतार पाच फुटांत पाऊण इंच असला की पाणी ट्रॅपकडे आपसूक जातं आणि पायालाही जाणवत नाही. फरशी बसताना तांब्याभर पाणी दारापाशी ओतून बघा. ते कुठे रेंगाळतं ते सिमेंट ओलं असतानाच कळलं पाहिजे. नहाणी ट्रॅप खोल घ्यावा, त्यात किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. गटाराचा वास अडवणारं तेवढं पाणीच असतं, वरची जाळी नव्हे.

"जुन्यावरच नवी टाइल चिकटवून देतो, तोडफोड नको" असा प्रस्ताव हमखास येतो. खाली ओल नसेल, पाइप आधीच बदललेले असतील, जुनी फरशी कुठेही पोकळ वाजत नसेल, तर तो विचारात घ्यावा. जमीन पाऊण इंचानं वर येईल, म्हणून दार आणि उंबरा यांचा हिशेब आधी करावा. वर सांगितलेल्या वयाच्या घरात या तिन्ही अटी क्वचितच जुळतात. म्हणून माझं मत तोडफोडीच्याच बाजूनं आहे.

काम सुरू होण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन या. त्यांच्या छताचे तारखेसह फोटो त्यांच्याच समोर काढा, किती दिवस आवाज होईल ते सांगा, पाणी भरून ठेवाल त्या दोन दिवसांत छतावर लक्ष ठेवायला सांगा. वाद झाल्यावर हे संभाषण फार कठीण होतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधल्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती संबंधित सभासदानं स्वखर्चानं करायची असते, तर बाहेरच्या सामाईक पाइपांतून आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी. डक्टमधला बिडाचा जुना पाइप तडकलेला दिसला तर संस्थेला लेखी कळवा आणि तुमची भिंत उघडी आहे तोवरच तो जोड नवा करून घ्या. सोसायटीची परवानगीही लेखीच असावी.

संडास आणि न्हाणीघर यांच्यामधली भिंत काढून एक मोठं बाथरूम करावं का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. चित्रात ते छान दिसतं. पण घरात संडास एकच असेल आणि माणसं चार-पाच असतील तर मी ठामपणे नको म्हणेन. सकाळी सात ते नऊ या वेळात दोन वेगळी दारं ही त्या जुन्या मांडणीची मोठी सोय आहे, ती घालवून मिळते फक्त ऐसपैस जागा. घरात दोघंच असतील, किंवा कुणाला उठायला-बसायला आधार लागत असेल, मदतीला दुसऱ्या माणसाला आत जावं लागत असेल, तर मात्र भिंत काढण्याला अर्थ आहे. आधी ती भिंत भार पेलणारी नाही याची खात्री इंजिनिअरकडून करून घ्या. ती नऊ इंची असेल तर तो विषय बहुधा तिथेच संपतो.

भारतीय बैठकीचा संडास काढून कमोड बसवताना मापं आधी घ्या आणि भांडं नंतर विकत आणा. मागच्या भिंतीपासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायचं. एस ट्रॅपच्या कमोडमध्ये हे अंतर साधारण चार, नऊ किंवा बारा इंच असं ठरावीक मिळतं. भिंतीतून मागे निघणाऱ्या पी ट्रॅपचं तोंड जमिनीपासून सुमारे सात इंचांवर असतं. जुन्या संडासात एक पायरी चढून जावं लागत असेल आणि मैल्याचा पाइप भिंतीतून बाहेर जात असेल, तर पी ट्रॅपचा कमोड लावून ती पायरी कित्येकदा काढून टाकता येते. म्हाताऱ्या माणसांसाठी त्याचं मोल फार आहे. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच आणि समोर मोकळी जागा २१ ते २४ इंच राहिली पाहिजे. तीन फूट रुंदीच्या संडासात हे गणित बसतं, पण त्यात वॉशबेसिन घुसवायचा मोह टाळा. भिंतीत दडवलेल्या टाकीसाठी साडेचार इंची भिंतीत जागा नसते, पुढे वेगळी भिंत उभी करावी लागते आणि अर्धा फूट जातो. उघडी टाकीच घ्या, दुरुस्तीलाही ती सोपी.

शॉवर निवडताना आपल्या नळाला दाब किती आहे ते विचारात घ्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब देतं. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर असाल आणि टाकीतलं पाणी शॉवरच्या तीन मीटर वर असेल, तर हाती येतो ०.३ बार. पावसासारखा बरसणारा मोठा शॉवर त्यावर नुसता ठिबकतो. तिथे लहान तोंडाचा, कमी दाबाला चालणारा शॉवर घ्या, किंवा सोसायटीची परवानगी असेल तर छोटा प्रेशर पंप लावा. आणि बादलीला विसरू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत अंघोळ बादली-तांब्यानंच होते, कपडेही तिथेच भिजतात. नळ एवढ्या उंचीवर आणि भिंतीपासून एवढा पुढे हवा की भरलेली बादली तिरकी न करता त्याखालून काढता यावी. बसायला पाट किंवा स्टूल, साबणासाठी हात पोचेल असा कोनाडा, ओले कपडे टाकायला दांडी, या गोष्टी नकाशातच दाखवा. नाहीतर नव्या टाइलला मागाहून भोकं पडतात.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नका. त्या काळच्या बऱ्याच घरांत बाथरूमच्या वायरिंगला अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे. गीझरसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. करंटची गळती होताच तो क्षणात पुरवठा तोडतो, आणि ओल्या अंगाच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर ठेवा. १५ लिटरचा गीझर भरल्यावर पंचवीस किलोंच्या आसपास जातो, पोकळ वाजणाऱ्या गिलाव्यात तो टांगू नका. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीही लावू नये. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. गॅस गीझर हवाच असेल तर तो बाहेर, मोकळ्या बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. जुनी पट्ट्यांची खिडकी आहे तशी राहू द्या, तिच्या वरच्या भागात एक्झॉस्ट पंखा बसवता येतो.

टाइल्सबद्दल थोडक्यात. जमिनीला मॅट, पाय न घसरणारी, एक बाय एक फुटाची टाइल घ्या. मोठ्या टाइलला चारही बाजूंनी उतार देता येत नाही. भिंतीला फिक्या, किंचित करड्या छटा बऱ्या. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या-निळ्या चकचकीत टाइलवर आठवड्यात उमटतात, आणि ते घालवायला ॲसिड ओतलं की दरजा आणि नळांचा मुलामा दोन्ही खराब होतात. टाइल सिमेंटच्या गोळ्यांवर न बसवता ॲडहेसिव्हनं पूर्ण पाठ भरून बसवा, मधे दोन मिलिमीटरची दरज ठेवा आणि जमिनीच्या दरजा इपॉक्सीनं भरा. चार बाय सहाच्या बाथरूमला सात फुटांपर्यंत टाइल लावायची तर दार वजा करून जमिनीसह सुमारे १५० चौरस फूट होतात. तुटफूट धरून १६५ फुटांची ऑर्डर द्या. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत का ते दुकानातच बघा, दुसऱ्या बॅचची छटा हमखास वेगळी निघते.

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, आणि पुढे आपण सगळेच असणार आहोत, तर दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगामुळे अडतं. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. कमोडशेजारी आणि नळाशेजारी धरायला दांड्या लावा, त्या जागी भिंत गिलावा काढून पक्की करून घ्या. चौकट लाकडाऐवजी ग्रॅनाइटची केली तर कुजण्याचा प्रश्नच मिटतो. उंबरा अर्ध्या-पाऊण इंचाहून उंच नको.

सगळ्याला तीन आठवडे धरा. कुणी आठ दिवसांत करून देतो म्हणाला, तर त्यात पाणी भरून ठेवायचे दिवस नाहीत हे समजून घ्या. एकच संडास असेल तर तेवढे दिवस कुठे जायचं ते आधी ठरवा. ठेकेदाराकडून प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता बाथरूम आठवडाभर वापरून झाल्यावरच द्या. राडारोडा नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू देऊ नका. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये वेगळे नियम केले. तो कुठे द्यायचा ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा आणि वाहतुकीचा खर्च ठेक्यातच धरा.

एक काम मात्र घरच्यांनीच करायचं आहे. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो काढा, मोजपट्टी लावून, पाइप कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती इंचांवर आहे ते दिसेल असा. पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे तेही त्यात येऊ द्या. फोटो छापून, बिलं आणि टाइलच्या बॅचचा नंबर त्यांच्यासोबत एका पाकिटात ठेवा, आणि एक बॉक्स टाइल माळ्यावर राखून ठेवा. पुढच्या वेळी कुणी आरशासाठी किंवा दांडीसाठी ड्रिल घेऊन आलं, तर आधी ते पाकीट त्याच्या हातात द्या.